होडी, कात्री, घुबड

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार शेवटी करते, आधी बातमी. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे कागदावर.

यांच्या डोक्यात गाठ निघाली आहे. डाव्या बाजूला, कानाच्या वर. गेले दोन-तीन महिने दुकानात शब्द अडत होते, ते मी थकव्यावर ढकलत होते. कड्या-कोयंड्यांच्या दुकानात ज्या माणसाने डोळे मिटून कुठल्याही डब्यात हात घातला तरी वस्तूचं नाव सांगावं, तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "ते देऊ का, दाराचं कोपर?" बिजागरी म्हणायचं होतं. गिऱ्हाईक हसलं, हेही हसले. मग परवा काउंटरवरच झटका आला, हात-पाय झाडले, आणि हसणं संपलं.

सर्जनबाई बोलायला सरळ आहेत. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून आहे, म्हणून ऑपरेशन यांना जागं ठेवून करणार. कवटी उघडेपर्यंत गुंगी, नंतर उठवायचं. मेंदूला म्हणे दुखत नाही. विजेची बारीक सळई एकेका जागी टेकवायची आणि त्याच वेळी यांना चित्रं दाखवायची. चित्राचं नाव अडलं की ती बोलण्याची जागा, तिला हात लावायचा नाही. अडलं नाही तर तिथून पुढे कापायचं. त्यांनी यांना समोर बसवून विचारलं, "सगळी गाठ काढायच्या मागे लागू की शब्द सांभाळू?" हे म्हणाले, "शब्द सांभाळा. थोडी गाठ राहिली तर राहू दे. मुका होऊन चार वर्षं जास्त जगण्यात मला रस नाही." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग बोलण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी चाळीसेक चित्रं दाखवली. सात-आठ अडली. कात्रीला "कापायचं" म्हणाले, घुबडाकडे तर बघतच राहिले. बाई म्हणाल्या, "बिघडलं नाही. जी अडतात ती काढून टाकते, पक्की येतात तेवढीच त्या दिवशी दाखवणार. फक्त घरी घोकून घेऊ नका." त्या फोन घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा टेबलावरचा संच मी मोबाइलमध्ये टिपून घेतला. का, ते विचारू नका. परीक्षा म्हटलं की आधी पेपर हातात हवा, ही सवय मला तुमच्या घरात आल्यावर लागली. चित्रांची नावं क्रमाने लिहून सोबत ठेवली आहेत.

नमस्कार.

नवी

—

९ फेब्रुवारी

नवी,

पत्र वाचून बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. मग उठले, कारण नुसतं बसून राहणं मला जमत नाही. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी मी तुला नवीच म्हणते म्हणून तू नाक मुरडतेस. आज मुरडू नकोस, नीट वाच.

त्या बाईंनी काय सांगितलं ते तुला कळलेलं दिसत नाही. जी चित्रं अडतात ती काढून टाकणार. म्हणजे कात्री गेली, घुबड गेलं. त्या दिवशी जे विचारणारच नाहीत, त्याची राखण कोण करणार? सर्जनबाई खुशाल त्या जागेवरून हत्यार फिरवतील आणि म्हणतील, हे तर आधीच गेलं होतं. मी जन्मभर शाळा चालवली आहे. जे पेपरात येत नाही ते कुणी शिकवत नाही आणि कुणी सांभाळतही नाही.

धाकट्याचं एकही चित्र चुकता कामा नये. आमच्या वडिलांनी आमच्याकडून पाढे, नद्या, राजे, सगळं रांगेत पाठ करून घेतलं. आमच्या घरात कुणी नापास झालेलं नाही आणि ते डोक्याला भोक पाडून घेताना तर नक्कीच व्हायचं नाही. धाकटा पाठांतराला माझ्याहून कच्चा, त्याला रांगेची गोष्ट करून द्यावी लागे. तशीच करून देते. होडीत कात्री पडली. कात्रीने घुबडाची शेपटी कापली. घुबड पळून शिडीवर चढलं. शिडीवर छत्री अडकली होती, छत्रीखाली हत्ती उभा होता, हत्तीच्या पायाखाली किल्ली सापडली. पुढची गोष्ट मागच्या पानावर आहे, थेट शेवटच्या मेणबत्तीपर्यंत. सकाळ-संध्याकाळ म्हणून घे. कंटाळा करेल, करू देऊ नकोस.

ताई

—

२२ फेब्रुवारी

वन्सं,

पाठ झालं. पहिले दोन दिवस हे चिडले. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणाले. मग तुमची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा घुबडाच्या शेपटीला हसले आणि म्हणाले, "ताईने इतक्या वर्षांनी पुन्हा ओणवं उभं केलं." त्यानंतर गाडी सुरू झाली. आता होडी म्हटलं की मेणबत्तीपर्यंत श्वास न घेता जातात.

काल दुसरी तपासणी झाली. तोच संच, तोच क्रम. एकही चूक नाही. बाई चष्मा काढून बघायला लागल्या. "घरी सराव केलात का?" त्यांनी विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "छे हो, सुजेचं औषध सुरू केलंय ना, त्याचा गुण असेल." बाईंना पटलं. त्या औषधाने असं होतं म्हणाल्या. आता सगळीच्या सगळी चित्रं त्या दिवशी दाखवणार आहेत.

तुम्हाला आनंद झाला असेल. मला होत नाही. काल स्वयंपाकघरात मी सहज कात्री उचलून यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "हे काय?" यांनी खूप वेळ पाहिलं. मग ओठ हलायला लागले. हळूच "होडी" म्हणाले, आणि मग "कात्री." म्हणजे कात्रीपर्यंत पोचायला होडीतून जावं लागतं. शिडी दाखवली तर पुन्हा होडीपासून. वन्सं, हे बरोबर आहे ना? एकदा वाटतं, बाईंना खरं सांगून टाकावं. ऑपरेशन चार तारखेला आहे. उलट टपाली लिहा.

नवी

—

२६ फेब्रुवारी

नवी,

काही सांगायचं नाही. रांगेत येतं तर रांगेत येऊ दे, ते रांगच विचारणार आहेत. आम्हालाही सातव्या राजाचं नाव पहिल्यापासून म्हटल्याशिवाय यायचं नाही, म्हणून आमचं काही अडलं नाही. ऐन वेळी कच खाऊन त्याच्या जिवाशी खेळू नकोस. खोटं बोललीस तेव्हा ठाम बोललीस, आता ठाम राहा.

ताई

—

७ मार्च

वन्सं,

झालं. यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुपारी बोलण्याच्या बाई टोपी काढत बाहेर आल्या. चेहरा नुसता फुललेला. म्हणाल्या, "एकदाही अडले नाहीत. आम्ही सळई टेकवतोय, हे आपले म्हणतायत. सगळे बघत राहिले." सर्जनबाईंनीही तेच सांगितलं. शब्दांची जागा कुठेच आडवी आली नाही, म्हणून त्या धीराने आत जात राहिल्या आणि गाठ जवळजवळ मुळापासून काढली. इतकी निघेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

अजून बोलत नाहीत. सूज आहे, होतं म्हणाल्या. डोळ्यांनी सगळं ओळखतात. माझा हात धरून ठेवतात.

तुमचं खरं ठरलं. मी उगाच शंका काढल्या.

नवी

—

१२ मार्च

नवी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग शेजारणीला वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण ऐकून घेतलं. सराव म्हणतात तो हाच. डॉक्टर लोक यंत्रांवर विसंबतात आणि आपण माणसावर. वडील असते तर धाकट्याच्या पाठीवर थाप मारली असती, मला मात्र काही म्हणाले नसते, तशी त्यांची पद्धत होती.

बोलायला लागला की पहिलं मला लिही. आणि त्याला सांग, ताई म्हणते शाब्बास.

ताई

—

३० एप्रिल

वन्सं,

तुमची चार पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता कळलंय.

सूज उतरली. महिन्याने यांना वाचा फुटली. पहिला शब्द "होडी." मग कात्री, मग घुबड. मला वाटलं, थट्टा करतायत, पाठांतर अजून पक्कं आहे म्हणून दाखवतायत. मी हसले, टाळी द्यायला हात पुढे केला. यांनी माझा हात बाजूला सारला आणि पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं. यांना पाणी हवं होतं.

एवढंच उरलं आहे. तुमची रांग. बाकी एक नाव येत नाही. पाणी नाही, पलंग नाही, दुकान नाही, स्वतःचं नाव नाही. समजतं सगळं. वर्तमानपत्राचा मथळा मी वाचला की मान हलवतात. मागच्या आठवड्यात हट्ट करून दुकानात गेले. निघताना दाराशी थांबून सुरुवात केली, होडी, कात्री, घुबड, शिडी, छत्री, हत्ती, किल्ली. किल्लीशी थांबले आणि हात पुढे केला. मी कुलपाची किल्ली हातात ठेवली. दुकानात एकाने बिजागरी मागितली, हे उठले, बरोबर डब्यातून बरोबर मापाची काढून दिली. गिऱ्हाईक म्हणालं, "केवढ्याला?" हे त्याच्याकडे बघत राहिले आणि मग होडीपासून सुरू झाले. ते गिऱ्हाईक आमच्याकडे वीस वर्षं येतं. बिजागरी काउंटरवर ठेवून ते निघून गेलं.

आणखी एक तुम्हाला लिहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या यांनी मला वाकायला लावलं आणि विचारलं, "बाईंना सांगू का गं, पाठ केलंय म्हणून?" तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, "गप्प पडून राहा." यांनी माझ्याशी बोललेलं शेवटचं धड वाक्य म्हणजे तो प्रश्न. 

नवी

—

६ मे

नवी,

तुझं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण डोकं ताळ्यावर आहे आणि तूही तुझं ठेव.

पहिली गोष्ट, चित्रांचे फोटो तू काढलेस. मी इथे कित्येक कोसांवर बसले होते. यादी तू पाठवलीस, तपासणीत खोटं तू बोललीस आणि त्याला गप्प तू केलंस. मी सराव करायला सांगितलं, बहीण म्हणून कुणीही सांगेल. सगळं माझ्या माथी मारून मोकळी होऊ नकोस.

दुसरी गोष्ट, दवाखान्यात हे बोलायचं नाही. आता बोलून काय मिळणार? ते हात झटकतील, म्हणतील तुमच्यामुळेच झालं, आणि पुढचे उपचार मन लावून करणार नाहीत. चार लोकांत आपल्या घराची शोभा होईल ती वेगळीच.

तिसरी, तो जिवंत आहे. गाठ गेली आहे. हे तू पत्रात एका ओळीतही लिहिलं नाहीस.

ताई

—

१९ मे

वन्सं,

मी सांगून आले. बोलण्याच्या बाईंपुढे बसले आणि मोबाइलमधले फोटो दाखवले, तुमची गोष्ट वाचून दाखवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी संच काढला, पत्ते पिसतात तशी चित्रं पिसली आणि यांच्यापुढे एक धरलं. छत्री होती. हे म्हणाले, होडी. दुसरं धरलं, चाक. हे म्हणाले, कात्री. चित्राकडे बघतसुद्धा नव्हते. बाईंनी तिसरं उचललंच नाही.

मग म्हणाल्या, "वस्तू बघून नाव काढायची मेंदूत एक वाट असते, आणि पाठ केलेलं म्हणायची दुसरी. आम्ही पहिली वाट चाचपत होतो, हे दुसऱ्या वाटेने जात होते. सळई लागून पहिली बंद पडत होती, आम्हाला पत्ताच नव्हता. जिथे थांबायला हवं होतं तिथे आम्ही कापत गेलो." क्रम दर वेळी बदलायला हवा होता, आता बदलतो, तेवढी चूक आमची, असंही म्हणाल्या. मी विचारलं, "तेव्हा ती सात-आठ चित्रं चुकू दिली असती तर?" त्या म्हणाल्या, "ती चित्रं आम्हाला वाचवायची नव्हती हो. बाकीच्यांनी वाट राखली असती. शब्द काही चित्रागणिक वेगळ्या कप्प्यात नसतात."

त्याच वेळी सर्जनबाई आल्या. तुम्ही म्हणता तसं कुणी हात झटकले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की गाठ पुन्हा येणाऱ्या जातीची आहे, पण इतकी साफ निघाल्यामुळे किरणांच्या शेकाचा आणि गोळ्यांचा चांगला उपयोग होईल, बरीच वर्षं हाताशी आहेत. थोडी ठेवली असती तर कमी मिळाली असती, पण बोलती मिळाली असती. यांनी तीच मागितली होती. आपण दोघींनी मिळून यांना नको असलेली वर्षं मिळवून दिली, वन्सं. त्या एका ओळीचा तुम्ही हट्ट धरला होता, म्हणून लिहिली.

फोटो मी काढले, खोटं मी बोलले, गप्प मी केलं. यातलं काही मी नाकारत नाही. पण मी घाबरले होते आणि घाबरून तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही घाबरला नव्हतात.

नवी

—

२१ जून

नवी,

इतके दिवस कागद पुढे घेऊन उठत होते. भांडायला उभी राहिले की तुझी शेवटची ओळ आठवते आणि खाली बसते.

माझ्या शाळेतली एक मुलगी होती, अख्खा धडा घडाघडा म्हणायची आणि मधूनच एक प्रश्न विचारला की रडायची. मी तिला दर वर्षी पहिलं बक्षीस दिलं. तिचा चेहरा आता रोज समोर येतो. आमच्या वडिलांनी आम्हाला जे दिलं ते मी सगळ्यांना वाटत सुटले, आणि कुणी मागितलेलं नसताना धाकट्यालाही दिलं. मी चुकले. हे वाक्य मी आयुष्यात फारसं लिहिलेलं नाही, अक्षर वाकडं आलंय त्याचं कारण तेच.

एक सुचवू का? रागावली असशील तरी वाच. रांग जर टिकली आहे, तर तिला शेवटी जोडता येईल. मेणबत्तीच्या पुढे. नवी नावं सुटी शिकवून येत नसतील, पण रांगेला टाका घालून कदाचित येतील. लहानपणी आम्ही राजांच्या शेवटी शेजारच्या कुत्र्याचं नाव जोडलं होतं, ते अजून सुटत नाही. गरजेचे शब्द जोड. त्या बाईंना विचारून कर, या वेळी विचारून.

आणि त्यात एक माझा घाल. मोठं नाव नको, ताई पुरे. तो दोन वर्षांचा असताना पहिल्यांदा तेच म्हणाला होता, आईच्याही आधी. मी आले तर मला एकदा ऐकायचं आहे. गुडघ्यांचं बघू, कुणाला तरी धरून येईन. तू ये म्हणालीस तर.

ताई

—

२ ऑगस्ट

वन्सं,

तुमची युक्ती लागू पडली. बाई म्हणाल्या, "करून बघा, पण चार-पाच शब्दांच्या वर जाऊ नका, ओझं झालं तर आधीचंही तुटेल." महिनाभर रोज सकाळी बसलो. गोष्ट मी केली, तुमच्याइतकी चांगली नाही. मेणबत्तीने बोट भाजलं, बोट पाण्यात घातलं, तरी दुखतंय, औषध नको, आणि मग हाक. पाणी, दुखतंय, नको, अगं. यांनी मला जन्मभर अगं म्हणूनच हाक मारली, म्हणून तेच घातलं. आता पक्कं झालंय.

घर कसं चालतं ते सांगते. मी आत काम करत असते आणि बाहेर होडी सुरू होते. मी हातातलं तसंच धरून ऐकत राहते. किल्लीशी थांबले तर दुकानात जायचंय. मेणबत्ती ओलांडली की माझा जीव वर-खाली होतो. पाण्याशी थांबले तर तांब्या घेऊन जाते. दुखतंयशी थांबले तर गोळी. कधीकधी कुठेच न थांबता माझ्यापर्यंत येतात, सगळं ओलांडून, धाप लागते तरी येतात, आणि म्हणतात, अगं. मी जाते. काही नको असतं. नुसते बघतात. पूर्वी हीच हाक दिवसातून शंभर वेळा यायची आणि मी ओ द्यायला कंटाळायचे.

बाईंनी चार-पाच म्हटलं होतं. पाचव्याला जागा होती. मी विसरले नाही, वन्सं, तुमचं पत्र समोर ठेवूनच गोष्ट करत होते. माझ्या हाकेनंतर तुमची जोडली असती तर सहज बसली असती. मी जोडली नाही. आता रांग बंद झाली आहे, बाई म्हणतात यापुढे छेडू नका. तुम्हाला यायचं असेल तर या, खोली आवरून ठेवते. मी यांना काही शिकवून ठेवणार नाही.

काल यांनी कपाटातून तुमचा फोटो शोधून काढला, शाळेने निरोप दिला त्या दिवशीचा, हार घातलेला. तो घेऊन माझ्यापुढे आले आणि होडीपासून सुरू झाले. हत्ती झाला, किल्ली झाली, मेणबत्ती झाली. पाणी, दुखतंय, नको, अगं. तिथे थांबले. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा होडीपासून सुरू झाले. मी गॅसवरचं दूध बघायला आत गेले.